टन किती, भोकं किती?

तवसाळहून सुटलेली फेरीबोट जयगडच्या धक्क्याला लागते, पुढचा रॅम्प खाली येतो आणि सिमेंटवर टेकताना एक लांब, दात शिवशिवणारा आवाज काढतो. गाड्या उतरतात आणि गणपतीपुळ्याकडे निघून जातात. मी मात्र रॅम्पच्या पोटाखालचे अँगल आणि वेल्डिंगचे टाके बघत रेंगाळतो. फॅब्रिकेशनच्या शेडींवर लिहिता लिहिता लागलेली ही खोड आहे. घरचे आता वाट बघत नाहीत, सरळ चहाच्या टपरीवर जाऊन बसतात.

पोलाद बघायचं तर जयगडसारखं गाव नाही. शास्त्री नदी इथे समुद्राला मिळते, मुखाशी आदिलशाहीच्या काळापासूनचा किल्ला आहे, आणि त्याच्या आसपासच्या काही किलोमीटरांत गेल्या पंधरा-वीस वर्षांत पोलादाचे तीन वेगळे संसार मांडले गेले आहेत. पहिला खाडीतल्या फेरीबोटींचा. दुसरा बंदराचा आणि वीजकेंद्राचा: जेएसडब्ल्यूचं बंदर २००९ साली सुरू झालं, तिथे उतरलेला कोळसा पट्ट्यांवरून वीजकेंद्रात जातो, आणि केंद्रात ३०० मेगावॉटचे चार संच आहेत. तिसरा त्या केंद्रातून निघून सह्याद्री चढणाऱ्या ४०० केव्ही वाहिन्यांच्या मनोऱ्यांचा. एक वाहिनी नवीन कोयनेकडे जाते, दुसरी कराडकडे. तिन्ही पोलादच. पण ते कापणारी, भोकं पाडणारी मशिनं एकमेकांची तोंडंही बघत नाहीत.

हे सांगायचं कारण असं की फॅब्रिकेशनच्या धंद्यात सगळा हिशेब टनात चालतो. ठेका टनावर, मजुरी टनावर, बढाईही टनावर. त्यामुळे नवं मशीन घ्यायला निघालेला कारखानदार विक्रेत्यापुढे पहिला प्रश्न टाकतो तो ठरलेला: ‘साहेब, महिन्याला २०० टन काढायचाय, कुठलं मशीन बसेल?’ जो विक्रेता लगेच कॅटलॉग उघडतो त्याच्यापासून लांब राहावं. जाणता असेल तो म्हणतो, ‘टन राहू द्या शेठ, भोकं किती?’

साधं गणित करून बघा. ६५ बाय ६५ बाय ६ चा अँगल मीटरला ५.८ किलो भरतो, म्हणजे एका टनात जवळजवळ १७२ मीटर. त्याचे मनोऱ्यासाठी दोन-दोन मीटरचे तुकडे केले तर ८६ नग. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन भोकं धरली तर ३४४ भोकं, ८६ काप, आणि प्रत्येक नगावर त्याचा नंबर. आता सहाशेचा आयएसएमबी, म्हणजे ६०० मिलिमीटर उंचीची आय आकाराची तुळई, घ्या. तो मीटरला साधारण १२३ किलो. एका टनात आठ मीटरचा एकच तुकडा. भोकं फार तर डझनभर. टन दोन्हीकडे एकच, पण पहिल्या टनात मशीन दमतं आणि दुसऱ्यात क्रेन.

मनोऱ्याच्या कामासाठी जे यंत्र लागतं त्याला शेडमध्ये ‘अँगल लाइन’ म्हणतात. बारा मीटरचा अँगल एका बाजूने रोलरवर चढतो, शेपटाकडून एक चिमटा त्याला धरून पुढे रेटतो, आणि वाटेत पंच खाली येतात, दोन्ही पायांसाठी वेगवेगळे. सहा मिलिमीटरच्या पत्र्यातून साडेसतरा मिलिमीटरचं भोक पाडायला सुमारे १२ टनांचा दाब लागतो. आवाज एकच, ‘खट्’. खाली डब्यात गोल चकत्या पडतात. शेवटी शिअर तुकडा तोडतो आणि तो घरंगळत बाजूला जातो. ऑपरेटरला दिवसभरात हात लावायचं काम फारसं नसतं, पण कान लावावा लागतो. पंच बोथट झाला की तो ‘खट्’ जरा ओला होतो. हा शब्द माझा नाही, शेडमधला आहे.

या लाइनीत मला सगळ्यात आवडतो तो नंबर मारणारा ठसा. मनोऱ्याचा प्रत्येक नग नंतर आम्लात बुडतो आणि मग साधारण ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात. रंगाने किंवा खडूने लिहिलेलं काही त्यातून वाचत नाही. म्हणून अक्षरं पोलादात दाबून उमटवतात, तीही इतकी खोल की वर जस्ताचा थर बसल्यावर वाचता यावीत. उथळ बसली तर घाटात, जिथे ट्रक पोचत नाही आणि अँगल खांद्यावरून न्यावे लागतात, तिथे टोळी एका नगासाठी अर्धा दिवस बसून राहते. लाइन घेताना लोक भोकांचा वेग विचारतात, ठसा किती खोल बसतो हे क्वचितच कुणी विचारतं. नागपूरजवळ बुटीबोरीला केईसीचा मनोऱ्यांचा कारखाना आहे; ही कंपनी १९४५ साली मुंबईत कमानी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशन म्हणून सुरू झाली होती. पिढ्यान्‌पिढ्या मनोरेच करणाऱ्यांना असले प्रश्न पाठ असतात. नव्याने या धंद्यात उतरणाऱ्याला ते विचारायला हवेत हेच ठाऊक नसतं.

वीजकेंद्राचं पोलाद म्हणजे वेगळीच जात. मोठा बॉयलर जमिनीवर बसवलेला असतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो वरच्या तुळयांना टांगलेला असतो, कारण तापला की खाली वाढायला त्याला जागा लागते. त्या टांगणीचा भार घेणारे खांब म्हणजे या कामाचा कणा. इथे तुळयांना भोकं पाडण्याची लाइन लागते, बीम ड्रिल लाइन: तीन दिशांनी तीन ड्रिल, एक मधल्या पोटाला, दोन कडांच्या पाट्यांना, पाठोपाठ बँडसॉ. इटलीची फिसेप, अमेरिकेची पेडिंगहाउस, नेदरलँड्सची फोर्टमान ही या यंत्रांतली मोठी नावं. पंच मारताना भोकाची कड थोडी फाटते, कडक होते. ज्या सांध्यावर हादरे येणार तिथे ड्रिलच हवं. हातातल्या मॅग ड्रिलने एका भोकाला मार्किंग, पंच, चुंबक चिकटवणं, तेल हे सगळं धरून चार-पाच मिनिटं सहज जातात. लाइन ते सेकंदांत उरकते.

तरीही अशा कामासाठी नुसती बीम लाइन घेणारा फसण्याची शक्यता दाट. आयएसएमबीची मालिका सहाशेवर संपते. बॉयलरच्या खांबाला ते पुरत नाही. तिथे जाड प्लेटा लांब पट्ट्यांत कापून, सबमर्ज्ड आर्कने वेल्ड करून आय किंवा पेटीसारखे खांब बांधतात. म्हणजे खरी गरज पडते ती एकाच वेळी अनेक ज्योतींनी पट्ट्या कापणाऱ्या गॅस कटिंग मशीनची, वेल्डिंगच्या गॅन्ट्रीची, आणि ज्याचं नाव कोणी काढत नाही त्या कडांच्या पाट्या, म्हणजे फ्लँज, सरळ करणाऱ्या यंत्राची. वेल्डिंगची उष्णता लागली की फ्लँज छत्रीसारखी वाकते. ती सरळ केल्याशिवाय ड्रिल लाइनीत घातली तर चिमटे नीट पकडत नाहीत, आणि भोकं आखणीला सोडून पडतात. मग साइटवर माणूस रीमर घेऊन लटकतो, आणि दोष मशीनवर जातो.

एका कारखान्यात मी अशी बीम लाइन प्लॅस्टिकच्या चादरीखाली झाकलेली पाहिली आहे. चादरीवर माणसांनी डबे ठेवले होते. मशीन उत्तम होतं. काम होतं गोदामांच्या शेडचं, पातळ अँगल आणि पर्लिनचं, आणि ड्रॉइंग यायची कागदावर. बीम लाइन कागद खात नाही. तिला प्रत्येक नगाची एनसी फाइल लागते. संगणकावर इमारतीचा नमुना उभा करून त्यातून ती काढायची असते. त्या मालकाकडे तसा डिटेलर नव्हता. दोन मुलं ऑफिसात बसवली असती तर मशीन चाललं असतं, पण विकणाऱ्याने विचारलं नाही आणि घेणाऱ्याला सुचलं नाही. माझ्या मते मशीनच्या किमतीच्या आधी डिटेलिंगचा खर्च मांडावा. नंतर मांडला की तो नेहमी जास्त वाटतो.

आणखी एक अडचण बाजारातल्या मालाची. युरोपात बनलेल्या लाइनीला सरळ, मापात रोल झालेला अँगल अपेक्षित असतो. आपल्याकडे रायपूरकडच्या रोलिंग मिलमधून येणारा माल बरेचदा किंचित पिळलेला आणि लांबीला कमी-जास्त असतो. चिमटा अडखळतो, लाइन थांबते. म्हणून चाचणीच्या दिवशी विक्रेत्याने आणलेला चकचकीत अँगल वापरू नये. आपल्याच अंगणातला गंजका, वाकडा नग पुढे करावा.

जयगडला येऊन खाऱ्या वाऱ्यात दोन दिवस उभं राहिलं की यादीचा क्रमच बदलतो. माझ्या पैशाने इथे शेड टाकायची झाली तर पहिलं यंत्र ड्रिलचं नसेल, शॉट ब्लास्टिंगचं असेल. समुद्रकाठच्या पोलादावर मीठ बसलेलं असतं. ते धुऊन, लोखंडी छर्ऱ्यांनी पृष्ठभाग ‘एसए अडीच’ या सफाईच्या दर्जापर्यंत उजळल्याशिवाय झिंक प्रायमर धरत नाही. आणि उजळलेलं पोलाद कोकणच्या दमट हवेत फार वेळ उघडं ठेवता येत नाही, काही तासांत तांबूस पडतं. म्हणजे ब्लास्टिंगच्या दारातून थेट रंगाच्या खोलीत. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस. पावसाळ्याचे चार महिने साइटवर वेल्डिंग म्हणजे ओल्या इलेक्ट्रोडशी झगडा, रॉड भट्टीत भाजून गरम डब्यातून वर न्यायचे. शहाणा डिझायनर साइटवरचे सांधे बोल्टचे करतो. बोल्ट वाढले की भोकं वाढली. हा पावसाचा खर्च शेडमधल्या ड्रिलवर येऊन बसतो.

प्लेट कापणाऱ्या प्लाझ्माचंही तसंच. फेरीबोटीसाठी ते सोयीचं: तळाच्या आणि कडांच्या प्लेटा संगणकावर एकमेकांत बसवून कापल्या की भंगार कमी पडतं. पण टॉर्चला मिळणारी हवा ओली असेल तर नॉझल भराभर खलास होतात. कॉम्प्रेसरला चांगला ड्रायर लावला नाही तर कोकणात प्लाझ्मा परवडत नाही.

मिरजोळेच्या एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपला यातलं काहीच नको असतं. जिना, गेट, आंब्याच्या पॅकिंगची शेड, कधी लोट्यातल्या रसायनांच्या कारखान्यासाठी पाइपांचा आधार, असं रोज वेगळं काम. त्याला पंच, शिअर आणि नॉचिंग एकाच अंगात असलेला आयर्नवर्कर, एक मॅग ड्रिल आणि सीओटूचं वेल्डिंग मशीन पुरतं. अशा माणसाला लाइन विकणं म्हणजे होडीवाल्याला जहाज विकणं.

निवळीच्या रस्त्याने परतताना काजूच्या बागेतल्या एका मनोऱ्याशी थांबलो. पायाच्या अँगलवर शेवाळ होतं. अंगठ्याने पुसल्यावर जस्ताखालून ठसा बोटाला लागला, दोन अक्षरं आणि तीन आकडे, अजून स्पष्ट. खाली, हाताला येईल इतक्या उंचीवर, चढायच्या खिळ्यासाठी ठेवलेलं एक भोक रिकामं होतं. त्याच्या खालच्या कडेला जस्ताचा एक थेंब गोठून राहिला होता, आणि तेवढ्याने ते भोक गोल राहिलं नव्हतं.