‘सटायव्हा’ म्हणजे पेरलेली

कृषिविषयक पुस्तक चाळतांना पिकाच्या देशी नांवापुढें छापलेलें लॅटिन नांव आपले बहुतेक शेतकरी बंधु ओलांडून पुढें जातात. त्यांतील एक शब्द मात्र इतक्या वेळां येतो कीं, त्याची ओळख करून घेणें इष्ट होय. भात तें ओरायझा सटायव्हा, मुळा तो रॅफॅनस सटायव्हस, लसूण ती ॲलियम सटायव्हम.

लॅटिन भाषेंत ‘सेरेरे’ हें क्रियापद पेरणें व लावणें ह्या दोन्ही अर्थीं येतें. त्याच्याच ‘साटुस’, म्हणजे पेरलेला, ह्या रूपापासून ‘सटायव्हस’ हें विशेषण झालें. शेवटचा फरक केवळ लिंगाचा. आपण पेरलेला मुळा, पेरलेली मेथी, पेरलेलें भात म्हणतों, तसेच तेथें सटायव्हस, सटायव्हा व सटायव्हम. मात्र लिंग धरावयाचें तें लॅटिन नामाचें. ‘ओरायझा’ स्त्रीलिंगी, म्हणून आपलें भात तेथें सटायव्हा. ह्याच धातूच्या ‘पेरणी’ ह्या अर्थाच्या नामापासून फ्रेंच भाषेच्या द्वारें इंग्रजी ‘सीझन’ हा शब्द आला, हें वाचून आम्हांस मोठी मौज वाटली.

स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयस यांनीं १७५३ सालीं वनस्पतींस दोन शब्दांचीं नांवें पद्धतशीर लाविलीं, तेव्हां लागवडीच्या कित्येक जातींस हें विशेषण दिलें. ओटाचें पीक ॲव्हेना सटायव्हा. त्याच कुळांतील रानटी तण ॲव्हेना फॅटुआ. ‘फॅटुआ’ म्हणजे वेडगळ! नियम मात्र सरसकट नव्हे. हरभरा आपण पेरतोंच, पण त्याच्या नांवांत मेंढा आला आहे, पेरणी नाहीं. उलट केशर हें क्रॉकस सटायव्हस असून त्यास बीच धरत नाहीं. त्याचे कंद लावावे लागतात. येथें ‘सेरेरे’चा दुसरा अर्थ उपयोगीं पडतो.

तेव्हां हा शब्द मनुष्याच्या हाताची साक्ष देतो, गुणाची नव्हे. पूर्व विदर्भांत उभ्या भातांत फेंकून पेरतात ती लाख लॅथिरस सटायव्हसच; पण दुष्काळांत महिनेच्या महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाणारांचे पाय कायमचे लुळे पडल्याचे दाखले आहेत.

बियाण्याचेंही तसेंच. लसूणघासाच्या पिशवीवर ‘मेडिकॅगो सटायव्हा’ असें ठळक छापलेलें पाहून माल शुद्ध असेल असा समज होतो. परंतु त्या बियांत अमरवेलीचें बारीक बी मिसळून येतें, हा अनुभव फार जुना आहे. एकदां ती वेल घासावर चढली म्हणजे तेवढा तुकडा मुळासकट काढून जाळणें भाग पडतें, आणि तेंही तिला फूल येण्यापूर्वीं. म्हणून पिशवी फोडतांच मूठभर बी पांढऱ्या कागदावर पसरून पाहावें, बारीक चाळणीनें चाळावें, व खालीं पडलेलें बी उकिरड्यावर न टाकतां चुलींत घालावें.