फ्लॅश पडला आणि भिंत केशरी झाली!

दोस्तांनो, घरातले दिवाळीचे जुने फोटो बाहेर काढा पाहू. रात्री फ्लॅश टाकून काढलेला एखादा फोटो नीट न्याहाळा. पुढे बसलेल्या आजीचा चेहरा, तिच्या साडीचा रंग, हातातलं फराळाचं ताट, सगळं कसं जसंच्या तसं! पण मागची भिंत? ती मात्र हळद फासल्यासारखी केशरी. भिंत तर पांढरी होती. मग हा रंग आला कुठून?

तो आला घरातल्या पिवळ्या बल्बमधून. गंमत अशी, की फोटो काढला तेव्हा खोलीतल्या कुणालाच भिंत केशरी दिसत नव्हती. आपला मेंदू मोठा हुशार आहे. पांढरा कागद पिवळ्या बल्बखाली धरा नाहीतर दुपारी खिडकीत धरा, तो म्हणणार, 'हा पांढराच!' दिव्याचा पिवळेपणा तो आपल्याला न सांगताच वजा करून टाकतो.

पण या मेंदूलाही पेचात पकडता येतं बरं का. दिवेलागणीच्या वेळी खिडकीजवळ टेबलावर एक पांढरा कागद ठेवा. खिडकीतून आभाळाचा फिका उजेड येत असू द्या आणि दुसऱ्या बाजूला एक पिवळा बल्ब लावा. बाकीचे दिवे बंद. आता कागदावर पेन्सिल उभी धरा. तिच्या दोन सावल्या पडतील. एक पिवळसर आणि दुसरी चक्क निळसर! नाही दिसल्या, तर बल्ब थोडा मागेपुढे करा. दोन्ही उजेड साधारण सारखे झाले की रंग उठून दिसतात. बल्बचा उजेड पेन्सिलीने अडवला, तिथे फक्त आभाळाचा निळसर उजेड उरला. आभाळाचा अडवला, तिथे बल्बचा पिवळा उरला. दोन उजेड एकाच कागदावर शेजारी शेजारी आले आणि मेंदूला एकाच वेळी दोन्ही काही वजा करता येईनात.

उजेडाचा रंग मोजायचं माप आहे, आणि ते आहे तापमानाचं. लोहाराच्या भट्टीत लोखंड तापताना आधी लाल होतं, मग नारिंगी, मग पिवळं. एखादी वस्तू त्याहून खूप जास्त तापवता आली, तर तिचा उजेड पांढरा आणि शेवटी निळसर होतो. म्हणून उजेडाचा रंग केल्विन या एककात सांगतात. विल्यम थॉमसन ऊर्फ लॉर्ड केल्विन या शास्त्रज्ञाचं नाव त्याला दिलंय. पणतीची ज्योत सुमारे १९०० केल्विन, जुना तारेचा पिवळा बल्ब सुमारे २८००, भर दुपारचं ऊन सुमारे ५५००. निरभ्र दिवशी झाडाच्या सावलीतला उजेड तर ७००० च्याही वर जातो. म्हणजे आकडा जितका मोठा, तितका उजेड निळा!

आणि फ्लॅश? मोठ्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये काचेची नळी असते, तिच्यात झेनॉन वायू. त्यातून विजेचा झटका गेला, की सेकंदाच्या हजाराव्या भागात लख्ख उजेड पडतो. त्याचा रंग दुपारच्या उन्हाच्या जवळपास असतो. म्हणजे रात्री दहा वाजता आजीच्या तोंडावर क्षणभर दुपार होते!

कॅमेऱ्याकडे आपला मेंदू नाही. 'कुठला उजेड पांढरा धरू?' हे त्याला सांगावं लागतं. त्यालाच व्हाइट बॅलन्स म्हणतात. कॅमेऱ्यात बल्बचं चित्र निवडलं, की तो फोटोतला निळा रंग वाढवतो आणि पिवळेपणा खोडतो. विजेच्या आकाराचा बाण निवडला, की तो फ्लॅशचा उजेड पांढरा धरतो. आता विचार करा, बल्बचं चित्र तसंच राहिलं आणि फ्लॅश उडवला तर? फ्लॅशमध्ये खोडण्याजोगा पिवळेपणा नसतोच. निळा मात्र वाढतो. आजी निळी!

बाण निवडला, तर आजी छान येते, पण भिंत केशरी. कारण फ्लॅशचा उजेड फार लांब पोचत नाही. आजी एक मीटरवर आणि भिंत चार मीटरवर असेल, तर भिंतीवर त्याचा फक्त सोळावा हिस्सा पडतो. तिथे राज्य बल्बचंच. कॅमेऱ्याला अख्ख्या फोटोसाठी एकच उजेड पांढरा धरता येतो, म्हणून दुसरा रंगीत दिसतो.

यावर छायाचित्रकारांची युक्ती मला फार आवडते. ते फ्लॅशलाच पिवळं करून टाकतात! त्याच्यापुढे नारिंगी पारदर्शक कागद लावायचा आणि कॅमेऱ्यात बल्बचं चित्र निवडायचं. आता दोन्ही उजेड एकाच रंगाचे, त्यामुळे आजीही नीट आणि भिंतही पांढरी. आकाशकंदिलाचा उरलेला नारिंगी जिलेटिन कागद घेऊन तुम्हीही हे करून पाहा. घरच्यांना विचारून मोबाइलचा टॉर्च लावा, कागद समोर हातात धरा आणि कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्सचा आकडा ३००० च्या आसपास ठेवा. आकडा हळूहळू ६००० कडे सरकवत नेलात, तर अख्खी खोली डोळ्यांदेखत केशरी होत जाईल.

नुसत्या पणत्यांचा फोटो काढताना मात्र माझं ऐका. फ्लॅश बंद ठेवा, मोबाइल एखाद्या पाटावर टेकवून स्थिर धरा आणि आकडा ४००० च्या खाली नेऊ नका. पणतीचा पिवळेपणा खोडायचा नसतो. तो फोटोत यायलाच हवा.