चार तास काम, चार तास झोप

आज तुम्हाला भर समुद्रात एका शिडाच्या बोटीवर घेऊन जाते. बोटीचं नाव 'मेडन'. १९८९ साली इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन बंदरातून 'व्हिटब्रेड' ही जगप्रदक्षिणेची शर्यत सुरू झाली. या शर्यतीत सगळ्या बायकाच चालवतात अशी बोट पहिल्यांदाच उतरली होती. कप्तान होती ट्रेसी एडवर्ड्स, वय २६. आधीच्या शर्यतीत ती पुरुषांच्या बोटीवर स्वयंपाकीण होती. आता तिनं घर गहाण ठेवून जुनी बोट घेतली आणि मैत्रिणींच्या हातानं ती दुरुस्त केली.

बोट ५८ फुटांची, त्यात बारा जणी. मोठ्या टप्प्यात महिनाभर जमीन दिसत नाही. वारा रात्री थांबत नाही, म्हणून बोटही थांबत नाही. मग झोपायचं कधी? अशा बोटींवर तुकड्या पाडतात. साधारण चार तास एक तुकडी वर, दुसरी खाली. वरच्यांपैकी एक सुकाणू धरते, बाकीच्या शिडांचे दोर ओढतात, सैल सोडतात. लाट ओढून नेऊ नये म्हणून कमरेचा पट्टा दोरानं बोटीला अडकवलेला असतो. वेळ संपली की वारा कुठला, कोणतं शीड वर आहे, काय बिघडलंय, हे सगळं पुढच्या तुकडीला सांगूनच खाली जायचं.

खाली अरुंद बिछाना. बोट एका अंगावर कलते, म्हणून पडू नये यासाठी बाजूला कापड बांधतात. चूल पाळण्यासारखी टांगलेली, म्हणजे बोट कलली तरी भांडं सरळ राहतं. जेवण बहुतेक वाळवलेलं, त्यात गरम पाणी घालायचं. गोडं पाणी मोजून, त्यामुळे अंघोळ नाही, ओल्या कापडानं अंग पुसायचं.

मला यातली एक गोष्ट फार पटली. तिथं झोप हीसुद्धा कामाचाच भाग आहे. झोपलेलीला कुणी आळशी म्हणत नाही. ती झोपली नाही, तर पुढच्या वेळी तिचा हात चुकेल आणि बारा जणींचा जीव धोक्यात येईल.

गेल्या दिवाळीत आमच्या गटानं फराळाची ऑर्डर घेतली. सगळा भार दोघींवरच पडला. तिसऱ्या रात्री एकीला चकल्या तळता तळता डुलकी लागली आणि हात भाजला. आम्ही तिला कष्टाळू म्हणत होतो, पण 'आता तू झोप, मी बसते' असं एकीनंही म्हटलं नव्हतं. मीही नाही.

मे १९९० मध्ये मेडन परत आली. सहापैकी दोन टप्पे तिनं आपल्या गटात जिंकले आणि त्या गटात एकूण दुसरी आली. पुढे २०२४ मध्ये याच बोटीवर नव्या मुलींनी 'ओशन ग्लोब' ही शर्यत जिंकली. त्यात आपल्या नौदलात काम केलेली पायल गुप्ता होती. तिनं आधी पाच जणींबरोबर गोव्यात बांधलेल्या 'तारिणी' बोटीतून जगाला फेरी मारली होती.

तर बायांनो, पुढची ऑर्डर घेताना वहीत दोन रकाने आखा. कोण कधी काम करणार आणि कोण कधी झोपणार. दुसरा रकाना रिकामा ठेवू नका.