ट्रामच्या तारेवर बसची बॅटरी



1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एस. टी.ची पहिली गाडी धावली. बरोबर 74 वर्षांनी, 1 जून 2022 रोजी, त्याच मार्गावर (अहमदनगरचे आता अहिल्यानगर झाले आहे) ‘शिवाई’ ही विजेवर चालणारी गाडी सुरू झाली. गाडीला धूर नाही, आवाज नाही, हे बसणाऱ्याला लगेच कळते. पण गाडी डेपोत उभी राहिली की तिच्या पोटात वीज भरायची कुठून आणि किती, हा हिशेब फारसा कोणी करीत नाही. तो आधी करू.

मोठ्या बसच्या बॅटरीत ठोकळमानाने अडीचशे-तीनशे युनिट वीज मावते. ती दीड तासात भरायची म्हटली तर दोनशे किलोवॅटचा भार पडतो. आपला दहा हॉर्सपॉवरचा पंप म्हणजे साडेसात किलोवॅट. तेव्हा एक बस चार्जिंगला लावली की सव्वीस-सत्तावीस पंप एकदम चालू झाले असे समजा. शंभर के.व्ही.ए.च्या दोन डीप्या जोडल्या तरी त्या कण्हतील. आणि ऐन उन्हाळ्यात डीपी जळाली म्हणजे उभ्या उसाचे काय हाल होतात हे तुम्हाला सांगायला नको. दहा बसचा डेपो म्हणजे दोन मेगावॅट. नवी लाईन ओढा, नवे सबस्टेशन बांधा, हा त्यावरचा सरळ उपाय. पण त्याला पैसा लागतो, जागा लागते आणि मंजुरीला वर्षे लागतात.

परदेशात काही शहरांनी निराळी वाट काढली. ट्राम किंवा ट्रॉलीबस यांच्यासाठी जी वीजव्यवस्था शहरात आधीच उभी होती, तिच्यावरच त्यांनी बॅटरीच्या गाड्या चार्ज केल्या.

जर्मनीत ऱ्हूर नदीच्या परिसरात, कोळसा व पोलादाच्या भागात, ओबरहाउझेन नावाचे शहर आहे. तिथली ट्राम 1968 साली बंद केली गेली. पुढे 1996 साली तीच ट्राम शहराने परत आणली. रूळ नवे, तारा नव्या, सबस्टेशने नवी. मग 2015 मध्ये तिथल्या वाहतूक संस्थेने बॅटरीच्या बस घेतल्या आणि त्या चार्ज करायला वेगळी लाईन मागितली नाही. ट्रामच्या विजेवरूनच बसथांब्याजवळ चार्जिंगची सोय केली. बस फेरी संपवून येते, काही मिनिटे उभी राहते, वीज घेते आणि पुढच्या फेरीला जाते.

आता कोणी विचारील, ट्रामची वीज ट्रामलाच पुरायला नको का? इथेच खरी गंमत आहे.

माप गर्दीचे, वापर तुरळक

कालव्याचे उदाहरण घ्या. कालव्याचे माप ठरते ते पाळीच्या ऐन दिवसावरून, जेव्हा सगळ्यांनाच पाणी हवे असते. एरवी त्याच कालव्याला निम्मेही पाणी नसते. पण म्हणून तो कोणी अरुंद खोदत नाही. ट्रामच्या वीजव्यवस्थेचे असेच आहे. शहराच्या उच्च दाबाच्या लाईनवरून सबस्टेशनमध्ये ए.सी. वीज येते. ट्रान्सफॉर्मर तिचा दाब उतरवतो, रेक्टिफायर तिची डी.सी. करतो आणि सहाशे किंवा साडेसातशे व्होल्टची ती वीज वरच्या तारेत जाते. ट्राम थांब्यावरून सुटताना पहिल्या काही सेकंदांत शेकडो अँपिअर ओढते. एकदा वेग आला की मग थोडक्या विजेवर ती घरंगळत राहते. चिखलात रुतलेले चाक बाहेर निघेपर्यंतच बैलाची कसोटी असते ना, तसेच. सकाळी नऊ वाजता चार ट्रामा एकाच वेळी सुटल्या तरी दाब पडू नये, या मापाने सबस्टेशन बांधलेले असते. दुपारी भार कमी आणि मध्यरात्री जवळजवळ शून्य. ट्रान्सफॉर्मर, तार, जागा, राखणदार यांचा खर्च मात्र चोवीस तासांचा.

बॅटरीला अमुक सेकंदालाच वीज हवी असा हट्ट नसतो. ट्राम सुटत असेल तर चार्जरने हात आखडता घ्यायचा, ट्राम पुढे गेली की पुन्हा सैल सोडायचा. हे काम आता यंत्र आपोआप करते.

दुसरी गोष्ट ब्रेकची. विजेची ट्राम, मेट्रो किंवा लोकल ब्रेक लावते तेव्हा तिची मोटार उलटी जनित्र बनते आणि वीज परत तारेत सोडते. त्याच वेळी जवळपास दुसरी गाडी सुटत असेल तर ती ही वीज उचलते. नसेल तर? जुन्या डी.सी. सबस्टेशनचा रेक्टिफायर हा आपल्या पंपाच्या फूट व्हॉल्व्हसारखा असतो, एकाच बाजूला उघडणारा. वीज शहराच्या लाईनीत परत जाऊ शकत नाही. मग ती गाडीवरच्या रोधकात उष्णता होऊन वाया जाते. रात्रपाळीचे पाणी घ्यायला शेतात कोणी नसले की ते ओढ्याला लागते, तसा हा प्रकार. चार्जिंगला लावलेली बॅटरी म्हणजे तिथले शेततळे. स्पेनमध्ये माद्रिदच्या मेट्रोने आणि मालागाला तिथल्या रेल्वेने हेच केले. गाड्यांच्या ब्रेकमधली वीज स्टेशनाबाहेर उभ्या मोटारींना दिली. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मेट्रोने 2012 साली सबस्टेशनाशी मोठी बॅटरीच बसवून अशी वीज साठवायला सुरुवात केली.

चालता चालता चार्जिंग

मला स्वतःला सर्वांत पटलेला प्रयोग सोलिंगेनचा. आपल्याकडच्या जुन्या न्हाव्याच्या वस्तऱ्यावर हे नाव कोरलेले पुष्कळांनी पाहिले असेल. सुऱ्या-कात्र्यांचे तेच गाव. तिथे 1952 पासून ट्रॉलीबस चालते. ट्रॉलीबसला वर दोन तारा लागतात, कारण टायर रबरी; ट्रामसारखी रुळांतून वीज परत पाठवता येत नाही. ताराबाहेर गेली की जुनी ट्रॉलीबस जागीच थांबे. म्हणून बाहेरच्या वस्त्यांना डिझेलच्या गाड्या.

सोलिंगेनने अलीकडे नव्या ट्रॉलीबसांत बॅटरी घातली. तारेखालून जाताना बस तारेवर चालते आणि त्याच वेळी बॅटरीही भरून घेते. तार संपली की दांड्या खाली घेऊन बॅटरीवर पुढच्या वस्तीला जाते. चार्जिंगसाठी वेगळे थांबणे नाही. आणि बॅटरी तरी केवढी? अडीचशे-तीनशे युनिटांची गरज नाही; जोडबसलासुद्धा पन्नास-साठ युनिटांच्या बॅटरीवर भागते. वजन कमी, किंमत कमी.

एक तांत्रिक बारकावाही सांगण्याजोगा आहे. बस उभी असताना तारेतून फार वीज ओढता येत नाही. दांडीच्या टोकाचा कार्बनचा तुकडा तारेला अगदी लहानशा जागी टेकलेला असतो. तिथून मोठा प्रवाह बराच वेळ गेला तर तार त्या ठिकाणी तापते, मऊ पडते आणि तुटू शकते. बस चालती असली की टेकण्याची जागा सारखी बदलते, त्यामुळे कितीतरी जास्त प्रवाह घेता येतो.

प्राग शहराने 1972 साली ट्रॉलीबस मोडीत काढली होती. 2017 मध्ये तिथे पुन्हा चाचणी सुरू झाली, तेव्हा त्यांनी पहिली तार टांगली ती प्रोसेक भागाच्या चढावर. सपाटीला बॅटरी पुरते. चढावर, जिथे सर्वांत जास्त जोर लागतो, तिथे तार. किती शहाणपणाने पैसा टाकला पाहा!

अडचणी नाहीत असे नाही. तारेतला दाब स्थिर नसतो. सहाशे व्होल्टच्या व्यवस्थेत तो चारशेपर्यंत उतरतो आणि ब्रेकच्या वेळी सातशेच्या वर चढतो. घरगुती चार्जर यावर टिकणार नाही, खास चार्जर लागतो. मोटारीला लोक हात लावणार, म्हणून मधे विद्युत विलगीकरणही हवे, ते महाग. टोकाच्या लांबलेल्या तारेवर आधीच दाब कमी असतो, तिथे चार्जर जोडला तर ट्रामच मंदावेल. शिवाय बऱ्याच देशांत वाहतुकीची वीज सवलतीने मिळते. ती खासगी मोटारवाल्याला विकली तर सवलत कोणाची आणि फायदा कोणाचा, हा वाद उभा राहतो. आपल्याला अशा वादांची चांगली सवय आहे.

आपल्याकडे

मुंबईत विजेची ट्राम 1907 साली आली आणि 31 मार्च 1964 रोजी शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. ट्रॉलीबस 1962 ते 1971 एवढीच टिकली. तारा उतरल्या, रूळ बुजले. त्या वेळी कारणे होती, गर्दी होती, डिझेल स्वस्त होते. पण शहराच्या पोटातली एवढी मोठी वीजव्यवस्था त्याबरोबर गेली आणि आता बसडेपोंत चार्जिंगसाठी नव्याने लाईन ओढावी लागते. कलकत्त्यात ट्राम राहिली होती. सप्टेंबर 2024 मध्ये पश्चिम बंगाल सरकारने एक छोटा मार्ग वारसा म्हणून ठेवून बाकी बंद करण्याचे जाहीर केले. मला तरी हा घाईचा निर्णय वाटतो.

मुंबईच्या लोकलची वीज 1925 पासून 1,500 व्होल्ट डी.सी. होती, ती आता 25,000 व्होल्ट ए.सी. झाली आहे. नागपूरची मेट्रो, पुण्याच्या मेट्रोचे पहिले दोन मार्ग आणि दिल्ली मेट्रोही याच दाबावर. या पद्धतीत ब्रेकची वीज परत फिरवणे सोपे असते. दिल्ली मेट्रोने त्या बचतीची नोंद 2007 साली संयुक्त राष्ट्रांच्या योजनेत करून घेतली. तेव्हा ओबरहाउझेनची नक्कल इथे जशीच्या तशी चालणार नाही. चालेल ते त्यामागचे गणित: जिथे मोठ्या मापाची लाईन आधीच उभी आहे आणि दिवसाचे किंवा वर्षाचे काही तास ती रिकामी असते, तिथे चार्जर आधी लावावा, गावातल्या डीपीवर शेवटी.

अशी लाईन आपल्या ओळखीची आहे. बगॅसवर सहवीजनिर्मिती करणाऱ्या कारखान्याच्या आवारातून बाहेरच्या सबस्टेशनपर्यंत लाईन गेलेली असते, आणि तिचे माप हंगामातल्या पूर्ण निर्यातीचे असते. गाळप संपले की त्याच लाईनवरून उलट दिशेने देखभालीपुरती वीज येते. बाकी महिने ट्रान्सफॉर्मर नुसता गुणगुणत उभा. हंगामात चित्र वेगळे: वीज आवारातच तयार होते आणि उसाची वाहने गव्हाणीपुढे नंबर लागेपर्यंत तासन्‌तास उभी असतात. ऊस ओढणारा विजेचा ट्रॅक्टर आज परवडेल असे मला वाटत नाही. पण सभासदांच्या व कामगारांच्या दुचाक्या, आणि एस. टी.ने तयारी दाखवली तर तालुक्याच्या बस, यांचा विचार करायला हरकत नसावी. चार्जिंग ही सेवा आहे, विजेची विक्री नव्हे, त्यासाठी वीजवितरणाचा परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्रीय वीज मंत्रालयाने एप्रिल 2018 मध्ये केला आहे. बाहेरून घ्यायच्या विजेची करारातली मर्यादा वाढवायची असेल तर मात्र महावितरणची मंजुरी लागते आणि वाढीव मागणीचा आकार बिलात दरमहा येतो, गाड्या चार्ज होवोत की न होवोत. हा आकार किती चार्जरांनंतर निघतो, हे काढायचे तर बिगर हंगामातील दर तासाच्या भाराची पाने आधी उलटावी लागतील. ती स्विचयार्डच्या नोंदवहीत असतात.