डिस्पोजलच्या गाडीत गाडी



पावसाळा तोंडावर आला की आमच्या शेतकी खात्याकडे ऊस-नोंदीच्या खालोखाल एक विचारणा हटकून येते. कोणी शेजारच्या जिल्ह्यातून जुना ट्रॅक्टर घेतलेला असतो, कोणाची जीप माळावर बंद पडलेली असते. मग "साहेब, वर्कशॉपातली मिलिटरीची गाडी एक दिवस मिळंल का? हौद्यात घालून आणतो," असे म्हणत मंडळी दारात उभी राहतात. गाडी मिळते. पण देण्यापूर्वी आम्ही चार प्रश्न विचारतो, त्याचा काहींना राग येतो. "उसाच्या माणसाला ह्यातलं काय कळतंय?" असेही गेल्या गट-सभेत कानावर आले. बोलणे खोटे नाही. आमचा डिप्लोमा शेतकीचा. या विषयातले जे काही कळले ते २००८ साली एका दिवसात कळले, आणि त्याची किंमत आम्ही भरली नाही, दुसऱ्याने भरली. म्हणून हे चार शब्द.

प्रथम गाडीविषयी. दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले तेव्हा सैन्याच्या जीपा आणि ट्रक मोठ्या प्रमाणावर विक्रीला निघाले. तेव्हापासून सैन्याने काढून टाकलेल्या गाडीला आपल्याकडे 'डिस्पोजलची गाडी' हेच नाव पडले. आपल्या वर्कशॉपातली गाडी युद्धातली नव्हे, ती 'शक्तिमान'. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने १९५९ पासून ही गाडी जबलपूरला तयार होऊ लागली, आणि १९९० नंतरच्या दशकात तिचे उत्पादन थांबले. फौजेत ती तीन टनी म्हणून ओळखली जाई. चारही चाकांना इंजिनाची ओढ, जमिनीपासून उंच, आणि हौद्याचा पत्रा असा की कोणी पहारीने ठोकले तरी ढिम्म. हंगामाच्या सुरुवातीला पाणंदीत रुतलेल्या उसाच्या ट्रॉल्या तिने किती ओढून काढल्या याची गणतीच नाही. अशा गाडीवर माणसाचा विश्वास बसतो, आणि आमचाही बसला होता.

जुलै २००८. आडसाली लागणीच्या नोंदी चालू होत्या. घाटापलीकडच्या गटात आमची जीप एका ओढ्यातून वर येताना मागच्या बाजूने कडाडली आणि जागेवर बसली. मिस्त्रींनी खाली शिरून पाहिले. "एक्सल आत तुटलाय. टोचन करू नका, चाक भाईर येईल." तेव्हा शक्तिमान मागवली. ती नेहमी चालवणारे आमचे हवालदार, म्हणजे सैन्यातून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ, वारीला गेले होते. दुसरे ड्रायव्हर आले. चांगले होते, पण त्यांचा हात ऊसवाहतुकीच्या ट्रकवर बसलेला.

जीप चढवणे सोपे गेले. ओढ्याकाठच्या दरडीला गाडी पाठीमागून लावली, फाळका खाली सोडला तो बरोबर दरडीवर टेकला. फळी नको, काही नको. आठ जणांनी ढकलले आणि जीप आत गेली. सगळ्यांना वाटले, झाले काम.

खरे काम तिथून पुढे होते. जीप अकरा फुटांच्या आसपास लांब, हौदा त्याहून अडीच-तीन फूट मोठा. परतीच्या वाटेला घाटाचा चढ होता. चढावर जीप मागे सरकेल ही एकच भीती आमच्या डोक्यात. म्हणून जीपचा मागचा बंपर फाळक्याला टेकवून ठेवला, हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, आणि नायलॉनचे दोर जीपच्या मागच्या अंगाने घेऊन हौद्याच्या कड्यांना बांधले. सारी तयारी मागे न जाण्याची. चढानंतर उतार येतो, हे रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या आम्हा चौघांपैकी कोणाच्याही मनात आले नाही.

पाऊस सुरू झाला होता. केबिनमध्ये तिघे बसलो. आमच्या गटाचा चिटबॉय राहिला. एकोणीस वर्षांचा पोरगा, नोकरीचे पहिलेच वर्ष. तो म्हणाला, "मी केबिनच्या आडोशाला बसतो साहेब, वारं लागत न्हाई तिथं." म्हणजे केबिनची पाठ आणि जीपचे तोंड यांच्यामधली ती अडीच फुटांची जागा. आम्ही म्हणालो, "बस." हा शब्द आमचाच. ड्रायव्हरचा नव्हे, मिस्त्रींचा नव्हे.

घाट चढून झाला, काही झाले नाही. उतारावरच्या दुसऱ्या वळणाला समोरून एस.टी. आली. ड्रायव्हरने ब्रेक मारला, त्यात त्यांची चूक नव्हती, मारायलाच हवा होता. मागे धाडकन आवाज झाला आणि केबिनची मागची काच आमच्या मानेवर आली. जीप पुढे येऊन केबिनला भिडली होती. मधे पोरगा होता. त्याची उजवी नडगी दोन ठिकाणी मोडली. जीप मागे ढकलायला आम्हाला तीन-चार मिनिटे लागली असतील. त्यातला एक क्षणही विसरलेलो नाही. त्याच गाडीतून त्याला कराडला नेले.

पुढे काय काय झाले ते थोडक्यात सांगतो. दोन ऑपरेशने झाली, वर्षभर काठी होती. मोटार वाहन कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली, तिने मालवाहू गाडीतल्या मालाच्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला विम्याचे संरक्षण दिले. पण हौद्यात सहज म्हणून बसलेल्या माणसाला ते मिळणे कठीण, हे कागदपत्रे करताना कळले. खर्च कारखान्याने सोसला. आज तो वजनकाट्यावर आहे, चालताना किंचित लंगडतो, आणि आमच्याशी पहिल्यासारखाच बोलतो.

हवालदार वारीहून आले आणि सरळ वर्कशॉपात जाऊन जीपजवळ उभे राहिले. "हँडब्रेक ओढलावता म्हणता?" आम्ही होय म्हणालो. "आता ओढा." ओढला. "गिअर टाका." टाकला. मग त्यांनी एका हाताने जीपला रेटा दिला. जीप चालू लागली.

आम्ही बघतच राहिलो. हवालदारांनी समजावून सांगितले ते त्यांच्याच शब्दांत देतो. "जुन्या जीपचा हँडब्रेक चाकाला नसतोय, मधल्या शाफ्टला असतोय. गिअरबी त्या शाफ्टलाच धरतोय. एका बाजूचा एक्सल तुटला की डिफरन्शियल आत मोकळं फिरतंय. शाफ्ट बांधला काय अन् सोडला काय, चाकाला त्याचा पत्ताच न्हाई." म्हणजे ज्या बिघाडासाठी जीप हौद्यात घातली, त्याच बिघाडाने तिचा हँडब्रेक आणि गिअर दोन्ही निकामी केले होते. बंद पडलेली गाडी नेताना ती कशाने बंद पडली हे आम्ही पहिल्यांदा विचारतो, ते यासाठी.

मग त्यांनी हौद्याच्या कड्या दाखवल्या. चार कड्या सरळ झालेल्या. "ही ताडपत्रीची कडी हाय साहेब. हिला गाडी बांधत्यात व्हय?" सुतळीने बैल बांधावा तसा प्रकार. माल बांधण्याचा सर्वसाधारण हिशेब असा आहे की जोराच्या ब्रेकला मालाच्या वजनाच्या आठ दशांश ओढ पुढे पडते, आणि बाजूंना व मागे निम्मी. अकराशे किलोची जीप धरली तर ८८० किलो पुढे. आम्ही पुढच्या बाजूसाठी काहीच बांधले नव्हते. मागचे दोर होते, पण खाचखळग्यांत जीप स्प्रिंगांवर नाचते, तेवढ्यात ते सैल पडतात. हवालदार सैन्यात असताना रेल्वेच्या उघड्या सपाट डब्यांवर गाड्या चढवत. तिथली रीत त्यांनी आम्हाला करून दाखवली. गाडी पुढे केबिनच्या पाठीला भिडवायची, मधे लाकडी ओंडका. चारही चाकांना दोन्ही अंगांनी पाचर, आणि ती पाचर हौद्याच्या फळ्यांना ठोकलेली. साखळी बंपरला नाही, एक्सलला. पुढच्या दोन पुढे तिरक्या, मागच्या दोन मागे तिरक्या, म्हणजे एक सैल पडली तरी तिच्या जोडीची धरते. आणि निघाल्यावर पाच किलोमीटरवर थांबून पुन्हा ताणायच्या. यातले शेवटचे काम सर्वांत सोपे, आणि तेच सर्वांत जास्त चुकवले जाते.

ट्रॅक्टरची गोष्ट थोडी वेगळी आहे. पस्तीस-चाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर अठराशे ते दोन हजार किलो भरतो. मागच्या चाकांत पाणी भरलेले असेल तर एकेका चाकात दीड-दोनशे लिटर, ते वजन धरायचे कोणाच्याच लक्षात राहत नाही. त्याचे निम्म्याहून जास्त वजन मोठ्या चाकांवर असते. दरड मिळाली तर उत्तमच. फळ्यांवरून चढवायचा तर हौदा सुमारे चार फूट उंच, बारा फुटांची फळी घेतली तरी चढ तीनास एक पडतो. इतक्या चढाला ट्रॅक्टर तोंडाने घातला तर तो मागच्या चाकांवर उभा राहून चालवणाऱ्याच्या अंगावर येऊ शकतो. म्हणून रिव्हर्समध्येच चढवावा आणि उतरवताना तोंडाने उतरवावा. त्यात दुसरा फायदा असा की मोठी चाके केबिनकडे येतात. ती फाळक्याकडे राहिली तर ट्रकचे पुढचे एक्सल हलके होते आणि स्टिअरिंग ऐकेनासे होते. बंद ट्रॅक्टर माणसांच्या जोरावर फळीवरून चढवू नये, चेनपुली लावावी, आणि ट्रॅक्टरच्या मागे, म्हणजे उताराच्या बाजूला, कोणी उभे राहू नये.

एक गोष्ट आपल्या भागापुरती. हौद्यात उभा असलेला ट्रॅक्टर सायलेन्सरच्या टोकापर्यंत साडेतीन मीटरच्या वर सहज जातो. शेतातून जाणारी उघडी तार नियमाप्रमाणे जमिनीपासून किमान ४.६ मीटर हवी. पण मोटारींच्या लाइनी कशा लोंबकळतात ते सभासदांना आम्ही काय सांगावे? तार वर करायला काठी घेऊन ट्रॅक्टरवर चढलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. कृपा करून वायरमनला बोलवा, नाहीतर वाट बदला.

वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये आता चार साखळ्या, त्यांचे ताणे, आठ बाभळीच्या पाचरी आणि दोन ओंडके वेगळे ठेवलेले आहेत. गाडीबरोबर ते सही करून न्यावे लागतात, न नेल्यास गाडी मिळत नाही. केबिनमध्ये बसतील तेवढीच माणसे, हौद्यात कोणी नाही. गेल्या वर्षी दोन पाचरी कमी आल्या. कोणाच्या गोठ्यात असतील तर हंगामापूर्वी गट ऑफिसात आणून द्याव्यात.