विजेवरचे दुइंजिनी विमान : एक थ्रॉटल, दोन मोटारी

गेल्या आठवड्यात ग्लो इंजिने आणि टाक्या उतरवून तेल मुरलेला बाल्सा स्वच्छ केला. आता वायरिंग. मॉडेल विजेवर आणण्याचा खरा फायदा पदरात पडतो तो इथेच.

ग्लो इंजिनांच्या जोडीत सगळ्यात मोठी भीती टेक-ऑफनंतर एक इंजिन बंद पडण्याची. चालू इंजिनाच्या ओढीने विमान बंद इंजिनाकडे वळते, वेग कमी असेल तर रडर पुरत नाही आणि त्या बाजूचा पंख खाली जाऊन विमान उलटते. विजेच्या दोन्ही मोटारी एकाच बॅटरीवर, एकाच हुकमावर चालतात. पण हे सारखेपण तारा जोडतानाच साधावे लागते.

आधी हिशेब. दोन .25 इंजिनांचे, सुमारे 3 किलोचे मॉडेल घेऊ. साध्या उड्डाणाला किलोमागे 250 वॅट धरले तर 750 वॅट, म्हणजे मोटारीमागे 375. चार सेलची लिपो भाराखाली 14 व्होल्टच्या आसपास येते. प्रत्येक मोटार 27 अँपिअर घेईल, दोन्ही मिळून 54. म्हणून प्रत्येकीला स्वतंत्र, 40 अँपिअरचा ईएससी, म्हणजे मोटारीचा वेग-नियंत्रक. 5000 एमएएचच्या बॅटरीतले 80 टक्के वापरले तर पूर्ण थ्रॉटलवर साडेचार मिनिटांहून थोडे कमी मिळतात.

ईएससी बसवायचे कुठे? नॅसेलमध्ये हवा चांगली मिळते, पण बॅटरीकडून येणाऱ्या तारा लांबतात. लांब तारांमुळे व्होल्टेजचे झटके बसून ईएससीचे कपॅसिटर जळू शकतात. म्हणून ईएससी पंखाच्या मध्याजवळ ठेवावेत, मोटारीच्या तीन तारा लांबवाव्यात आणि हवेला आत-बाहेर वाट ठेवावी.

दोन्ही ईएससींचे सिग्नल वाय-केबलने रिसिव्हरच्या थ्रॉटल चॅनेलला जोडा. इथे एक बारकावा जपायचा. दोघांचेही बीईसी (ईएससीतले रिसिव्हरसाठीचे वीजपुरवठा-सर्किट) एकाच वेळी रिसिव्हरला वीज पुरवू लागले तर ते एकमेकांशी भांडू शकतात. दोन्ही प्लगांमधली लाल तारेची पिन हळूच सोडवून तिच्यावर हीट-श्रिंक चढवा आणि रिसिव्हरला वेगळा यूबीईसी द्या. एकाच ईएससीची लाल तार ठेवली तरी चालते, पण तो जळाला की सर्व्होही जातात.

मग प्रॉपेलर काढून दोन्ही ईएससींना थ्रॉटलची वरची आणि खालची मर्यादा एकत्रच शिकवा. मोटार उलटी फिरली तर तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करा. पी-38 लाइटनिंगचे प्रॉपेलर परस्परविरुद्ध दिशेने फिरत, मॉस्किटोचे एकाच दिशेने. ग्लो इंजिनांत विरुद्ध जोडीसाठी खास इंजिन मिळवावे लागे. विजेत दोन तारा आणि उलट्या पिचचा प्रॉपेलर पुरतो.

दोन बॅटऱ्या असतील तर त्या समांतरच जोडा. प्रत्येक मोटारीला वेगळी बॅटरी दिली, तर आधी उतरलेली बॅटरी आपल्या बाजूचा जोर तोडेल आणि टाळलेली भीती परत ओढवेल. कट-ऑफ ‘सॉफ्ट’वर ठेवा, पण उतरायचे टायमरवर. शेवटी प्रॉपेलर लावा, मॉडेल पक्के बांधा आणि दोन्ही बाजूंचे वॅट वॉटमीटरवर पाहा. ठळक फरक दिसला तर तो जमिनीवरच दूर करा.

पुढील आठवड्यात : बॅटरीची जागा आणि गुरुत्वमध्य.