तुरा केव्हा येणार? पारा आणि दिवसमान काय सांगतात

बांधावरचा निंब चैत्रात फुलतो, आंब्याला थंडीत मोहोर येतो. पण नेमका दिवस दर साली मागेपुढे होतो. याचे गणित मांडावे असे फ्रान्सच्या रेओम्यूर या शास्त्रज्ञाला १७३५ साली सुचले. रोजच्या उष्णतेची बेरीज करीत जायचे, ती ठरावीक आकड्याला पोचली की झाड फुलणार. जपानात सुगी नावाच्या झाडाचे पराग लोकांना शिंकून बेजार करतात. तिथे १ जानेवारीपासूनच्या तापमानाची बेरीज धरून पराग केव्हा उडतील ते आधी जाहीर होते. पराग किती उडतील, हे आदल्या उन्हाळ्यावरून कळते.

आता आपल्या उसाकडे वळू. सभासद बंधूंनो, ऊस नुसत्या उष्णतेवर फुलत नाही, तो आधी दिवस मोजतो. दिवसमान घटत साडेबारा तासांवर आले की शेंड्यात तुऱ्याचा कोंब धरतो. भुसावळच्या बाजूला हा काळ ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा. बाहेर तुरा दिसतो तो पुढे दोन-तीन महिन्यांनी. म्हणजे दिवाळीच्या सुमारास आपण 'आला की तुरा!' म्हणतो, तेव्हा निकाल कधीच लागलेला असतो.

त्या काळात पारा काय करतो, यावर तुरा कमी की जास्त ते ठरते. ब्राझीलमध्ये २५ फेब्रुवारी ते २० मार्च (तिकडचा तो उन्हाळा सरतीचा काळ) असे दिवस मोजतात, ज्या दिवशी पारा ३१ अंशांच्या वर गेला नाही आणि रात्री १८ च्या खाली उतरला नाही. असे दिवस जास्त भरले की तुरा जास्त. आपल्याकडे पावसाळ्यातली रात्र काही १८ वर येत नाही, त्यामुळे सगळी मदार दिवसावर. झड लागली, आभाळ राहिले, शेतात पाणी तुंबले की तुऱ्याला फावते. पावसाने ओढ दिली, ऊन तापले, की तुरा कमी. मे महिन्यातला आपला ४५ अंशांचा ताप इथे कामाचा नाही, बरं का!

उसाचे वयही पाहावे. दोन-चार कांड्या सुटलेला ऊसच तुरा धरतो. जुलैत नुकती लावलेली आडसाली त्या वर्षी सुटते. सुरू, पूर्वहंगामी, खोडवा आणि मागल्या सालची आडसाली सापडते.

तुरा आला की शेंड्याची वाढ थांबते. सुरुवातीला साखर चांगली असते, म्हणून घाबरून तोड मागू नये. पण दीड-दोन महिने ऊस उभा राहिला तर पांगशा फुटतात, कांडी पोकळ पडते आणि काट्यावर वजन घटते. म्हणून सप्टेंबरमध्ये झड लागलेली असेल, तर तुरा दिसायची वाट न पाहता आपल्या गटाच्या शेतकी कर्मचाऱ्याला प्लॉट दाखवावा, लागणीची तारीख व जात लिहून द्यावी. तोडीची क्रमवारी लागण्यापूर्वी ही नोंद झाली तरच तिचा उपयोग.